घोट्यामागचे दोन दोर

श्रावणाच्या तोंडावर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतीच्या वाटेवर असते. सिंदखेडराजा मागे पडलं की बीबी येतं. मग किनगाव जट्टू, लोणार, मेहकर, खामगाव आणि शेवटी शेगाव. पालखी गावात आली की बीबीतल्या ओसऱ्यांवर पाय पसरलेले दिसतात. टाळ भिंतीशी टेकवलेले, धोतराच्या काठाला चिखलाचे शिंतोडे, आणि रांगेनं पाय. जेठात शेगाव सोडलेले, पंढरी गाठून माघारी फिरलेले, हजार किलोमीटरच्या आसपास चाललेले पाय.

अशाच एका ओसरीवर साठीतले एक वारकरी डावा पाय मांडीवर घेऊन बसले होते. घरची म्हातारी कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "माउली, दुखते कुठं?" त्यांनी सगळा पाय दाखवला नाही. बाहेरच्या घोट्याच्या मागे, हाडाला लागून असलेल्या खळग्यात एकच बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली, करंगळीच्या दिशेनं ओढत नेलं. म्हणाले, "शीर चढली वाटते. सकाळी उठलं का पहिले धा पावलं जीव जाते. मंग मोकयं होते. रातच्याला पुन्हा तेच."

या चार वाक्यांत वैद्यकाच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण सामावलं आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ते बोट जिथून जिथं फिरलं, त्या वाटेनं शरीरातले दोन विलक्षण दोर जातात. आपण त्यांना 'शीर' म्हणतो. शीर म्हणजे खरं तर रक्तवाहिनी. हे दोर आहेत कंडरा, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले टेंडन. स्नायू ओढतो आणि कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोहोचवते. या दोन दोरांचं दुखणं फार लोकांना होतं, बहुतेकांना 'मुरगळलेला पाय अजून बरा झाला नाही' एवढंच वाटत राहतं, आणि म्हणून वर्षानुवर्षं चुकीचे उपाय होत राहतात.

बोट ठेवून बघा

हे वाचता वाचताच चप्पल काढा आणि एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. घोट्याची दोन हाडं चाचपा, आतलं आणि बाहेरचं. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली आणि थोडं मागे आहे, हे पहिल्यांदाच लक्षात येईल. आता बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला बोट लावून ठेवा आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळवा, करंगळीची कड वर उचलल्यासारखा. बोटाखाली काहीतरी ताठ होतं. तेच ते दोर.

विहिरीवर मोट चालायची तेव्हा तिला दोन दोर असत. जाडजूड नाडा वरच्या चाकावरून जायचा आणि बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. बैल ओढायचे सरळ रेषेत, पण पाणी वर यायचं उभं. ओढीची दिशा बदलून देण्याचं काम चाकाचं आणि कण्याचं. आपल्या घोट्याशी नेमकी हीच रचना आहे. गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायू आहेत, एक लांब आणि एक आखूड. दोघांच्या कंडरा पायाच्या दिशेनं खाली येतात आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडाला चाक करून पुढे वळतात. हाडामागे त्यांच्यासाठी उथळ पन्हळ असते आणि त्यांनी पन्हळीबाहेर उडी मारू नये म्हणून वरून एक चिवट पट्टी बांधलेली असते. दोघींभोवती एकच पातळ पिशवी असते, तिच्यात बुळबुळीत द्रव असतो. वंगण घातलेलं चाकच म्हणा ना.

आखूड स्नायूची कंडरा हाडाला चिकटून जाते आणि पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या मागे अर्ध्या वाटेवर जो टणक उंचवटा हाताला लागतो, तिथं संपते. लांब स्नायूच्या कंडरेचा प्रवास मात्र ऐकून थक्क व्हावं असा आहे. ती घोट्याला वळसा घालते, टाचेच्या हाडावरच्या एका छोट्या उंचवट्याखालून सरकते, पायाच्या बाहेरच्या कडेवरच्या घनाकृती हाडाच्या खाचेत शिरून आणखी एकदा वळते, आणि तळव्याच्या खोल आतून तिरपी पलीकडे जाऊन थेट अंगठ्याच्या मुळाशी पोहोचते. बाहेरून निघून पायाखालून आत जाणारा हा दोर. नडगीच्या पुढून येणारी दुसरी एक कंडरा त्याच ठिकाणी आतल्या बाजूनं येऊन बसते. दोघी मिळून पायाखाली घोड्याच्या रिकिबीसारखा आधार होतो, आणि त्या रिकिबीत आपलं पाऊल आयुष्यभर उभं असतं.

या स्नायूंना इंग्रजी वैद्यकात पेरोनियल म्हणतात. 'पेरोने' म्हणजे ग्रीक भाषेत वस्त्र अडकवायच्या दागिन्याची पिन. नडगीशेजारचं बारीक हाड त्या पिनेसारखं दिसतं म्हणून त्याला हे नाव. लॅटिनमधल्या 'फिब्युला'चा अर्थही तोच. पदराला पिन लावणाऱ्या कुणाही बाईला हे हाड एकदा दाखवलं की ती नाव विसरणार नाही.

झाडावरच्या अंगठ्याचा वारसा

वानरकुळातल्या चिंपांझीचा पाय बघितला तर त्याचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला असतो. फांदी पकडताना तो अंगठा बाकीच्या बोटांकडे ओढून घ्यायला मदत करतो तो हाच लांब स्नायू, हाच तळव्याखालून जाणारा दोर. म्हणजे बीबीच्या ओसरीवर दुखणारी कंडरा मुळात फांदी पकडायची कंडरा आहे.

आपले पूर्वज दोन पायांवर चालू लागले आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत येऊन बसला. टांझानियात लायटोली इथं 1978 मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सापडली, सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीची. त्या पावलांत अंगठा रांगेत आलेला दिसतो. पकडायचं काम संपलं, तरी दोर टाकून दिला गेला नाही. त्याला दुसरं काम मिळालं: पायाची कमान धरून ठेवणं, पाऊल उचलताना अंगठ्याचं मूळ जमिनीवर दाबणं आणि घोटा बाहेरच्या बाजूला कलंडू न देणं.

हे शेवटचं काम तर आपल्या नकळत अखंड चालू असतं. धुऱ्यावरून चालताना पायाखालचं ढेकूळ फुटतं, पाऊल आत वळायला लागतं, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हे दोन स्नायू ओढ घेतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधीच ते थोडे आवळलेले असतात. पुढची जमीन कशी असेल याचा मेंदूनं अंदाज बांधलेला असतो आणि दोर आधीच ताणून ठेवलेले असतात. म्हणून तर अंधारात, पायरी संपली असं वाटून शेवटची पायरी चुकली की घोटा जातो. अंदाज चुकलेला असतो आणि तो चूक ठरल्यावर ओढ घ्यायला वेळ उरत नाही.

रस्ता बाहेरच्या कडेला उतरतो

मग हे दोर दुखतात कशानं?

शेगाव ते पंढरपूर आणि परत, या वाटचालीत एका माणसाची पावलं मोजायची म्हटली तर हजार किलोमीटरला साधारण 13 लाख होतात, म्हणजे प्रत्येक पायाची साडेसहा लाखांच्या घरात. प्रत्येक पावलाला दोर चाकावरून एकदा ताणला जातो. त्यात डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. डाव्या कडेनं चालणाऱ्याचा डावा पाय उताराच्या खालच्या बाजूला पडतो. त्याची बाहेरची कड खाली, आतली वर. पाऊल दिवसभर किंचित आत वळलेलं राहतं आणि ते सरळ धरण्याचं काम डाव्या घोट्यामागच्या दोन दोरांवर येतं. ओसरीवरच्या माउलींचा डावाच पाय दुखत होता. यात योगायोगही असेल, पण रस्त्याचा उतार बघितल्यावर मला त्या दुखण्याचा पत्ता सापडल्यासारखं वाटलं.

नाडा कुठं झिजतो हे मोट हाकलेल्या माणसाला विचारा. मधे नाही झिजत, चाकावर झिजतो. कंडरेचंही तसंच आहे. जिथं ती वळते, तिथं तिला नुसती ओढ बसत नाही, हाडाचा दाबही बसतो. आणि इथं शरीर एक चमत्कार करून ठेवतं. वळणाच्या जागी कंडरेतल्या पेशी दाब ओळखतात आणि आपलं रूप बदलून तिथली ऊती कूर्चेसारखी, गुडघ्यातल्या गादीच्या नात्यातली करून टाकतात. दोराला चाकाच्या जागी आपोआप कातडं चढावं तसं. पण या कातड्याला मर्यादा आहेत. दाबाच्या जागी रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तिथं झालेली इजा सावकाश भरते. शिवाय आखूड स्नायूची कंडरा हाड आणि लांब कंडरा यांच्यामधे सापडलेली असते. वरचेवर दाबली गेली तर ती कधी कधी लांबीच्या दिशेनं चिरते, ओल्या फडक्याला उभी चीर पडावी तशी.

दुखण्याकडे जाणारी दुसरी वाट एकदम वाढलेल्या ओझ्याची. पालखी खामगावहून शेगावला निघते त्या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्याबरोबर चालतात. त्यांतले कितीतरी जण वर्षभर दुचाकीवर असतात. दोन महिने चालणाऱ्याची कंडरा हळूहळू तयार झालेली असते, एका दिवसात सतरा-अठरा किलोमीटर चालणाऱ्याची नसते. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या पोरांचंही तेच होतं. जाहिरात निघाली की पहिल्याच आठवड्यात ती पाच-पाच किलोमीटर धावू लागतात. स्नायू काही आठवड्यांत दमदार होतो, कंडरेला महिने लागतात.

तिसरी वाट जुन्या मुरगळण्याची. घोटा आत वळून मुरगळतो तेव्हा पुढचे अस्थिबंध ताणले जातात हे खरं, पण त्या क्षणी तो वाचवायला धावलेले दोरही ताणले जातात. सूज उतरते, माणूस कामाला लागतो, आणि सहा महिन्यांनी घोट्याच्या मागे दुखतंच आहे अशी तक्रार घेऊन येतो.

आपल्या पायाचा कल कळायला सोपा पुरावा घरात असतो: जुनी चप्पल. टाचेची मागची-बाहेरची कड थोडी झिजणं सगळ्यांचंच असतं. पण टाचेपासून करंगळीपर्यंत पूर्ण बाहेरची कड झिजली असेल, पायाची कमान उंच असेल आणि मागून बघितल्यावर टाच आत कललेली दिसत असेल, तर या दोरांवर रोजच जास्त ओझं पडतं आहे.

शाळेच्या वयात विणलेला दोर

कंडरेच्या आत काय असतं? बहुतेक कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू. तंतूंच्या जुड्या, जुड्यांच्या मोठ्या जुड्या, अगदी अंबाडीचा दोर वळावा तशा. सूक्ष्मदर्शकाखाली विश्रांतीतली कंडरा सरळ दिसत नाही, तिच्या तंतूंना बारीक नागमोड असते. ओढ बसली की आधी ही नागमोड सरळ होते आणि झटका मऊ होतो.

हा दोर विणला कधी जातो, याचं उत्तर अणुबॉम्बनं दिलं. 1955 ते 1963 या काळात जगात उघड्या हवेत एवढ्या अणुचाचण्या झाल्या की वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. तो झाडांत गेला, धान्यात गेला, खाणाऱ्यांच्या शरीरात गेला. नंतर तो दरवर्षी कमी होत गेला. म्हणजे शरीराचा एखादा भाग कोणत्या वर्षी घडला याची खूण त्यात राहून गेली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेमागच्या मोठ्या कंडरेत ही खूण तपासली आणि त्यांना दिसलं की कंडरेचा गाभा उंची वाढण्याच्या वयात, साधारण पहिल्या 17 वर्षांत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलत नाही. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडंही हळूहळू नवी होतात. पण साठीतला माणूस ज्या दोरावर चालतो त्याचा गाभा त्यानं शाळेत असताना विणलेला असतो.

हे वाचलं तेव्हा मी स्वतःच्या घोट्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं. हा दोर दुखावला तर शरीर तो फेकून नवा आणणार नाही, आहे त्यालाच सांभाळून घ्यावं लागेल.

दुखणाऱ्या कंडरेबद्दलची समजूतही गेल्या काही दशकांत बदलली. पूर्वी डॉक्टर त्याला दाह म्हणत, 'टेंडनायटिस'. जुनाट दुखऱ्या कंडरांचे नमुने तपासले तेव्हा दाहाच्या पेशी फारशा सापडल्या नाहीत. सापडले ते विस्कटलेले तंतू, पाणी धरून फुगलेली जागा, आणि जिथं नसायला हव्यात तिथं उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत आलेले मज्जातंतू. म्हणून आता 'टेंडिनोपथी' म्हणतात, कंडरेचा बिघाड. सकाळची पहिली दहा पावलं दुखणं, मग चालता चालता सैल होणं आणि रात्री पुन्हा ठणकणं ही त्याची ओळखीची चाल आहे.

वातकंटक

या जागेचं दुखणं आपल्याकडे फार जुन्या काळापासून ओळखलं गेलं आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या सोळा कंडरा मोजल्या आहेत: चार पायांत, चार हातांत, चार मानेत, चार पाठीत. त्याच ग्रंथात वातकंटक नावाचा विकार आहे, वेडंवाकडं पाऊल पडल्यानं होणारा. नंतरच्या माधवनिदानात त्याची जागा घोट्यात सांगितली आहे आणि कारणं दोन: चुकीचं पडलेलं पाऊल किंवा श्रम. आजचा डॉक्टर या दुखण्याची कारणं सांगताना हेच दोन मथळे लिहील. काट्यासारखं टोचणारं म्हणून कंटक, हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं दुखणाऱ्या माणसाचं नीट ऐकलं होतं.

तरी ओळखण्यात चूक होऊ शकते, मोठ्यामोठ्यांची होते. लिव्हरपूलचे नामांकित अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांचा पाय एकदा नाचताना बाहेरच्या कडेवर पडला. आत काहीतरी तुटलं असं जाणवलं आणि आपली लांब पेरोनियल कंडरा तुटली असंच त्यांना वाटलं. एक्स-रे काढला तर मोडलं होतं करंगळीच्या रेषेतलं हाड. 1902 मध्ये त्यांनी स्वतःच्या पायासह अशा रुग्णांवर लेख लिहिला आणि त्या हाडाच्या एका मोडीला आजही त्यांचं नाव आहे. पावली खेळताना किंवा फुगडीत पाय असाच पडला तर ही गोष्ट आठवावी.

बोट कुठं ठेवल्यावर दुखतं यावर बरंच ठरतं. बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली दुखत असेल तर बहुधा अस्थिबंध. हाडाच्या मागे, खाली आणि तिथून पुढे पट्ट्यासारखं दुखत असेल, तिथं लांबट सूज असेल, आणि हातानं अडवून तळवा बाहेर वळवताना दुखणं वाढत असेल तर कंडरा. पण मुरगळल्यानंतर घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर किंवा करंगळीमागच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. तोवर कुणाकडूनही झटका देऊन 'शीर बसवून' घेऊ नये. घोट्यामागे काही तटकन हाडावर चढतं-उतरतं असं जाणवत असेल, तर कंडरा पन्हळीतून निसटते आहे. ही स्थिती 1803 मध्ये मॉन्तेजा या इटालियन शल्यचिकित्सकानं एका नर्तिकेच्या पायात प्रथम नोंदवली. ताप, लाली, बधिरपणा असेल किंवा मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, तरी घरी थांबू नये.

निंदायला बसणाऱ्या बायांचं एक वेगळं दुखणं यात मिसळतं. तासन्‌तास उकिडवं बसलं की गुडघ्याखाली, त्या पिनेसारख्या हाडाच्या मानेजवळून जाणारी नस दाबली जाते. या दोन स्नायूंना हुकूम पोहोचतो तो त्याच नसेवाटे. पोटरीची बाहेरची बाजू बधिर होऊन पाऊल लटकं पडत असेल तर मूळ कारण घोट्यात नसून वर आहे.

तपासणीसाठी बहुधा सोनोग्राफी पुरते, कारण तिच्यात पाय हलवत असताना कंडरा बघता येते. एमआरआयमध्ये एक गंमत घडते. कंडरा यंत्राच्या चुंबकक्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करून वळते तिथं ती धडधाकट असूनही आजारी असल्यासारखी उजळ दिसते. आपले दोर नेमके घोट्याशी वळतात. म्हणून चित्र आणि बोट दोन्ही जुळले तरच निदान पक्कं.

दोराला ओझ्याची भाषा कळते

आता उपाय. पहिला सल्ला सगळे देतात: आराम करा. पहिल्या काही दिवसांत ते बरोबर आहे. पण सहा आठवडे पाय उचलून ठेवला तर ठणका थांबतो आणि कंडरा आणखी दुबळी होते. चालू लागताच दुखणं परत. उलट, गोळी खाऊन तसंच चालत राहिलं तर विस्कटलेले तंतू आणखी विस्कटतात. या दोन टोकांच्या मधली वाट सापडायला बराच काळ गेला.

ती ठळक केली स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांनी. त्यांची स्वतःची टाचेमागची कंडरा दुखत होती. त्यांच्याबद्दल अशी हकीकत सांगतात की शस्त्रक्रिया नाकारली गेली, तेव्हा कंडरा पुरती बिघडून शस्त्रक्रिया करावीच लागावी म्हणून त्यांनी तिच्यावर जोरात ओझं टाकायला सुरुवात केली, आणि ती बरी होत गेली. 1998 मध्ये त्यांनी 15 धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, 15 वेळा, असे 3 फेरे, दिवसातून 2 वेळा, 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. घोट्यामागच्या दोरांवर इतका अभ्यास झालेला नाही, पण आज त्यांच्यावरही उपचार याच तत्त्वानं करतात: मोजून ओझं, सावकाश वाढवत.

कंडरेतल्या पेशींना ओढ जाणवते आणि त्या तिला उत्तर देतात. मधला विस्कटलेला भाग पूर्ववत होईलच असं नाही, पण भोवतालचे चांगले तंतू ओझं उचलायला भक्कम होतात. दोराचे चार पदर खराब झाले तरी बाकीचे भरभक्कम असतील तर पाणी वर येतं.

घरात काय करता येईल? सुरुवातीला हलवायचंही नाही. खुर्चीवर बसून पायाची बाहेरची कड भिंतीला लावायची आणि भिंत ढकलतोय असा जोर 30 ते 45 सेकंद धरायचा. असं चार-पाच वेळा. पुष्कळांचा ठणका एवढ्यानंही कमी होतो. ते जमू लागलं की सायकलची जुनी ट्यूब उपयोगी पडते. तिची पट्टी कापून एक टोक खाटेच्या पायाला आणि दुसरं पावलाच्या पुढच्या भागाला अडकवायचं. तळवा सावकाश बाहेर वळवायचा आणि त्याहून सावकाश परत आणायचा. मग उंबऱ्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, अंगठ्याच्या मुळावर भार ठेवून, म्हणजे तळव्याखालचा लांब दोर कामाला लागतो. पुढे एका पायावर. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा घोट्याला जमिनीची भाषा पुन्हा शिकवण्याचा सोपा धडा आहे. आधाराला भिंत जवळ असू द्यावी.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीन-चार एवढं सौम्य दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर यायला हवं. सकाळची पहिली दहा पावलं हाच तुमचा मापदंड. ती कालपेक्षा जड झाली तर ओझं कमी करा, तेवढीच किंवा हलकी असतील तर पुढे चला. बारा आठवडे धरून चला, जुनं दुखणं असेल तर त्याहून अधिक. जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर त्याच्या नजरेखाली करणं उत्तम.

चालणं पूर्ण बंद न करता बदलावं. सपाट वाट निवडावी, रस्त्याच्या एकाच कडेनं रोज चालू नये, ढेकळांतून आणि दगडगोट्यांच्या उतरणीवरून चालणं काही आठवडे टाळावं. बाहेरून झिजलेली चप्पल टाकून घोट्याला धरणारा बूट वापरावा. टाच आत कलत असेल तर बुटात टाचेच्या बाहेरच्या बाजूला पातळ पाचर बसवून दोरांवरचा भार हलका करता येतो. म्हातारीच्या कोमट तेलानं भोवतालची पोटरी सैल होते, जिवाला बरं वाटतं, ते जरूर करावं. फक्त सुजलेल्या दोरावर अंगठ्यानं रगडू नये.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण त्यानं कंडरा कमजोर होण्याचा, तुटण्याचाही धोका असतो, म्हणून ते विचारपूर्वकच. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2008 मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांनी आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलावं. कंडरा चिरली असेल किंवा पन्हळीतून निसटत असेल आणि व्यायामानं भागत नसेल, तर शस्त्रक्रियेनं ती शिवता येते, पन्हळ खोल करता येते. ती वेळ बहुतेकांवर येत नाही.

त्या संध्याकाळी बीबीच्या ओसरीवर यांतलं मला काहीच माहीत नव्हतं. म्हातारीनं तेल लावलं, माउलींनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी निघाली तेव्हा मी त्यांचा पायच बघत होतो. पहिली दहा पावलं त्यांनी दात दाबून टाकली, मग पाय मोकळा झाला आणि ते टाळ वाजवत पुढे गेले, रस्त्याच्या डाव्या कडेनं, उताराच्या बाजूनं. आज भेटले असते तर मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या असत्या. माउली, आता थोडं उजव्या कडेनं चाला. आणि घरी पोहोचल्यावर सायकलची जुनी ट्यूब फेकू नका.